वर्षाला 60 हजारांचा विमा, आणि विमा कशाचाच नाही

इंदूरच्या सुदामा नगरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 41, घरात आई, पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी. वडिलांनी घेतलेली 2013 ची बोलेरो पिकअप हेच उत्पन्नाचं साधन. पहाटे चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा, दुपारी सियागंजातून किराणा, कधी राऊ किंवा महूचं भाडं. डिझेल आणि बारीकसारीक खर्च जाऊन महिन्याला 30 हजार हातात येतात, घराला 24 हजार लागतात. गाडी निळा धूर टाकते, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते, क्लच घसरतो, डाल्याचा, म्हणजे माल भरायच्या भागाचा, पत्रा गंजून मागच्या बाजूला आरपार भोक पडलं आहे. मिस्त्रीनं दीड लाखाचा अंदाज दिला: इंजिन 55 हजार, क्लच आणि ब्रेक 14, पाटे आणि बुश 12, चार टायर 28, डाला आणि डेंटिंग-पेंटिंग 30, सीट कव्हर, एलईडी आणि म्युझिक 11. प्रश्न असा: पत्नीच्या उरलेल्या दोन बांगड्या गहाण ठेवून दीड लाख टाकावेत, की ही दोन लाखांना विकून हप्त्यावर नवी घ्यावी?

प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. साडेआठ लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेअठरा हजार, म्हणजे वर्षाला सव्वादोन लाख. सगळा खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला सहा हजार उरतात, आणि तेही उरत नाहीत, ते पुढे येईलच. जुन्या गाडीत लाखभर घालून ती तीन वर्षं चालली तरी वर्षाला 33-35 हजार पडले. दुरुस्त करा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदीचा जो नियम आहे, तो इंदूरला लागू नाही, म्हणून त्या भीतीनं विकायचं कारण नाही.

खरं पत्र मात्र शेवटच्या चार ओळींत आहे. त्या तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत: "गाडीचा इन्शुरन्स दिवाळीत संपला, लोकलच फिरते म्हणून नव्यानं काढला नाही. आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे, ते गेल्या वर्षी गेले. मुलीसाठी बँकेतल्या साहेबांनी एफडीसारखी योजना दिली आहे, वर्षाला 60 हजार, तीन हप्ते भरले, जुलैच्या चौथ्यासाठी 35 हजार बाजूला आहेत. मागचा हप्ता मिसेसच्या पाटल्या ठेवून भरला, त्याचं 600 रुपये व्याज जातं."

आधी गाडीचं बघू, कारण ती आज सकाळीही मंडीत गेली असेल.

विमा नसताना पोलिसानं पकडलं तर दंड 2,000 रुपये, दुसऱ्यांदा 4,000. तुमच्या डोक्यात जोखीम एवढीच आहे, आणि लोकल गाडीला कोण अडवतो हा हिशोबही त्यातूनच आला. धोका दंडाचा नाहीच. सकाळी सहाला देवास नाक्यावर दुचाकीवरचा 28 वर्षांचा माणूस तुमच्या गाडीखाली आला असं धरा. कमाई महिना 15 हजार, घरी बायको, दोन मुलं, आई. अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण त्याच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवतं, म्हणजे 21 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतं आणि वर्षाच्या रकमेला त्या वयाच्या गुणकानं, 17 नं, गुणतं. तीस-बत्तीस लाख होतात. विमा असता तर हे विमा कंपनीनं भरले असते. नसला की वसुली गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून, म्हणजे तुमच्याकडून. दोन लाखांच्या गाडीमागे बत्तीस लाखांचं देणं उघडं ठेवून तुम्ही फिरता आहात. साडेसात टनांखालच्या मालगाडीचा थर्ड पार्टी विमा सोळा हजार आणि वर कर, इतकाच आहे. तो काढून पावती हातात येईपर्यंत गाडी दारात उभी ठेवा. दोन दिवसांचं भाडं बुडेल, बुडू द्या.

पण वडिलांच्या नावानं गुपचूप ऑनलाइन रिन्यू करून मोकळे होऊ नका. गेलेल्या माणसाच्या नावाची पॉलिसी दाव्याच्या वेळी कंपनीच्या वकिलाला आयतं कोलीत आहे. मृत्यूचा दाखला दाखवा, गाडी वारस म्हणून तुमच्या ताब्यात आहे हे लेखी कळवा आणि मगच पैसे भरा. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नाव बदलायचा फॉर्म 31 भरायचा असतो. तुम्हाला वर्ष उलटलं, तेव्हा उशिराचं जे काही लागेल ते भरून नायता मुंडल्याच्या आरटीओत जाऊन आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, तुमचं नाव चढवून घ्या. आई वारस आहे, तिची ना-हरकत लागेल. बहीण असेल तर तिचीही. आणि आरसी नावावर होण्याचा एक फायदा तुमच्या मिस्त्रीला ठाऊक नसेल: गाडीच्या विम्यासोबत हजाराच्या आतल्या रकमेत मालक-चालकाला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मिळतो. तो नोंदणीकृत मालकालाच मिळतो. आज तुम्ही चालक आहात, मालक नाही, म्हणजे अपघातात तुम्हाला काही झालं तर ते 15 लाखही नाहीत. लायसन साधं एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, असेल तर घाबरू नका. साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीला ते चालतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आता ती "एफडीसारखी योजना". तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या फोटोत पहिल्याच पानावर विमा कंपनीचं नाव आहे, एफडीचं नावही नाही. 12 वर्षं 60 हजार, विसाव्या वर्षी साधारण 14 लाख, मध्ये मृत्यू झाला तर 6 लाख. साहेबांनी सांगितलं "पैसे दुप्पट". सात लाख वीस हजारांचे चौदा लाख, दुप्पट खरंच. फक्त त्याला वीस वर्षं लागतात हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं असणार. दर काढला तर साडेचार टक्के पडतो. पीपीएफ 7.1 देतं, सुकन्या सध्या 8.2, आणि तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे तिचं सुकन्या खातं आजही उघडता येतं. ही योजना विकणाऱ्याला पहिल्या वर्षी कमिशन मिळतं, सुकन्या उघडून दिल्यावर तसलं काही मिळत नाही. साहेबांच्या तोंडात सुकन्याचं नाव का आलं नाही याचं दुसरं कारण मला सुचत नाही.

आणि हा साडेचार टक्क्यांचा हप्ता तुम्ही 12 टक्क्यांच्या सोनं-कर्जातून भरला! मागच्या वर्षी तुमच्या घरात घडलेली सगळ्यात महाग गोष्ट हीच आहे. इंजिन त्यामानानं स्वस्त.

विमा म्हणून तरी ही उपयोगाची आहे का? घरखर्च वर्षाला 2 लाख 90 हजार. सहा लाख म्हणजे दोन वर्षं, तेही तुमच्या मागे गाडी दुसऱ्या कुणी चालवली नाही तर. मुलगी तेव्हा दहा वर्षांची असेल. थोडक्यात, विम्याच्या नावानं वर्षाला 60 हजार जातात आणि रस्त्यावरच्या माणसाचा, गाडीचा, तुमचा, कशाचाच पुरेसा विमा नाही.

जुलैचा हप्ता भरू नका. पुढचे नऊ हप्ते भरले तर त्या पैशांवर पाच टक्क्यांच्या आसपास सुटतात, आणि ते पैसे तुमच्याकडे नाहीतच. उरतात दोन रस्ते. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे न मोडता फक्त पुढचे हप्ते थांबवले, तर बारांपैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे सतरा वर्षांनी साडेतीन लाखांच्या आसपास. मोडली तर, तुमची पॉलिसी जुलै 2023 ची आहे, त्या वेळच्या नियमानं तिसऱ्या वर्षात भरलेल्या रकमेच्या किमान 35 टक्के, म्हणजे 63 हजार. जुलैत लागणाऱ्या चौथ्या वर्षाला हा टक्का 50 आहे, म्हणजे 90 हजार. तेव्हा कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा: जूनमध्ये मोडली तर किती, ऑगस्टमध्ये मोडली तर किती, पेड-अप केली तर शेवटी किती. शाखेतल्या साहेबांकडून नको, कंपनीकडून. 63 हजारांचे सतरा वर्षांत साडेतीन लाख म्हणजे दहा टक्के, एरवी मी पेड-अप ठेवा म्हटलं असतं. पण तुमच्यावर 12 टक्क्यांचं कर्ज आहे आणि इंजिन उघडायचं आहे. मोडा. एक लाख ऐंशी हजारांतले निम्मे गेले म्हणून जीव तुटेल, तर राहिलेले निम्मे वाचवा. "एफडी आहे" असं साहेबांनी व्हॉट्सॲपवर लिहिलेलं सापडलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवा, दाद लागली नाही तर भोपाळला विमा लोकपाल आहेत. नुसतं तोंडी असेल तर आशा ठेवू नका.

पण मोडायच्या आधी तुमचा स्वतःचा विमा. उद्याच बँकेत जाऊन 436 रुपयांची जीवन ज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना घ्या. दोन-दोन लाखांच्या आहेत, तेवढ्यानं भागणार नाही, पण उद्या मिळतात. खरी गरज 50 लाखांच्या टर्म प्लॅनची, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याची. तुमच्या वयाला वर्षाला पंधरा-अठरा हजार धरा, तंबाखू खात असाल तर जास्त, आणि ते लपवू नका. अडचण एकच येईल: तुम्ही कधी आयकराचं रिटर्न भरलेलं दिसत नाही. गाडीवाल्यांचा सीए म्हणेल, गाडीमागे महिना 7,500 रुपयांचं गृहीत उत्पन्न दाखवा, वर्षाचे 90 हजार, झंझट नाही. कायद्यात ती सोय आहे. पण विमा कंपनी आणि बँक दोघंही दाखवलेल्या उत्पन्नावरच मोजतात. तुमची खरी कमाई 3 लाख 60 हजार आहे, नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर शून्य. खरं दाखवून एक रुपया जात नाही, मग कमी कशाला दाखवता?

आता पैशांची मांडणी. खात्यातले 40 हजार आणि हप्त्यासाठी ठेवलेले 35, मिळून 75. त्यातून गाडीचा विमा 18, आरसी, पीयूसी आणि फिटनेस मिळून 8. फिटनेसचा दाखला आता दर वर्षी लागतो आणि तुमचा जूनमध्ये संपतोय. इन्शुरन्सशिवाय तो होणारच नव्हता, हेही लक्षात घ्या. उरले 49. त्यातून क्लच-ब्रेक आणि पाटे मिळून 26, पुढचे दोन नवे टायर 14, डाल्याला फक्त खालचा पत्रा वेल्डिंग करून 8. मागचे टायर अजून एक वर्ष ओढा. रंग नको, एलईडी नको, म्युझिक तर नकोच. गाडी रंगवली की पीथमपूरच्या कंपनीचं काम लागेल आणि कमाई दुप्पट होईल, असं तुम्ही लिहिलं आहे. गेटवर आधी कागद बघतात हो, आणि तुमचा एकही कागद आज धड नाही.

इंजिन पॉलिसीच्या पैशांतून. पण मिस्त्रीला उघडायला सांगण्याआधी कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे इंजिनातल्या दाबाची तपासणी, करून घ्या, शक्यतो दुसऱ्या गॅरेजात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच त्यातून कळतं. रिंग-पिस्टन गेले असतील तर 55 हजार बरोबर. टर्बोचं सील गेलं असेल तरी धूर निळाच येतो आणि खर्च बराच कमी. इंजिन उघडलंच तर मे-जूनची गडबड उरकून पावसाळ्यात, भाडी मंदावतात तेव्हा.

हप्ता बंद झाल्यावर महिन्याला पाच हजार सुटतील. त्यातले दीड पुढच्या वर्षीच्या गाडीच्या विम्यासाठी बाजूला, दीड टर्मला, राहिलेले दोन आणि आत्ता व्याजात जाणारे सहाशे पाटल्यांच्या कर्जात. 90 हजार मिळाले तर इंजिन करून उरलेले 35 थेट कर्जात घाला, वर्षाच्या आत पाटल्या घरी. 63 च मिळाले तर जवळजवळ दोन वर्षं. बांगड्या जिथे आहेत तिथेच राहू द्या.

या वर्षभरात बचत म्हणून काही साठणार नाही, ते मला आवडत नाही, पण तुमच्या आकड्यांत दुसरी जागा दिसत नाही. सुकन्या 250 रुपयांनी उघडून ठेवा, भर नंतर घाला. नवी पिकअप दोन रिटर्न भरून झाल्यावर विचारा. तेव्हा आरसी तुमच्या नावावर असेल, आणि 11 टक्क्यांवर घासाघीस करायला तुमच्या हातात काहीतरी असेल.