गालातला पांढरा चट्टा आणि आखडलेलं तोंड

ताई, तुमचा भाऊ २६ वर्षांचा, आठ वर्षांपासून खर्रा (सुपारी, तंबाखू, चुन्याचं मिश्रण) खातो, तोंड दोन बोटंच उघडतं, डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. डेंटिस्टने बायोप्सी (चट्ट्याचा तुकडा काढून तपासणी) सांगितलीय, घरचे नको म्हणतात, आणि कॅन्सर व्हायची शक्यता किती, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचा, हेच दुखणं अकरा वर्षं तोंडात घेऊन फिरतोय.

आधी आकडा, त्याशिवाय पुढचं वाचवणार नाही. तोंड आखडण्याच्या या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या ५ जणांना कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही. पण हा आकडा भावाला सांगू नका. ‘६१ जण वाचले ना’ म्हणत तो परत टपरीवर जाईल. मी गेलो होतो.

शिवाय त्याला आखडण्यासोबत चट्टाही आहे, त्याचा हिशेब वेगळा. सपाट, एकसारखा पांढरा असेल तर त्यातल्या त्यात बरा. खडबडीत असेल, मधे लाली असेल किंवा जिभेच्या कडेला नाहीतर जिभेखाली असेल तर जास्त काळजीचा. आणि नुसता लाल, मखमलीसारखा चट्टा सगळ्यात वाईट. तो बरेचदा दुखत नाही, म्हणून लोक अंगावर काढतात. पण डोळ्यांनी अंदाजच होतो. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लेसिया’ (कॅन्सरकडे झुकणारे पेशींमधले बदल) आहे का आणि असला तर माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर, हे बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ हे माझ्या आत्याचंही म्हणणं होतं. तसं काही होत नाही. मला सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, मसुराएवढा तुकडा काढला, दोन टाके घातले. रात्री गार दूधभात खाल्ला, झालं.

आता माझी चूक. तंबाखू सोडली आणि दीड वर्ष साधी सुपारी चघळली, वर स्वतःची पाठ थोपटत होतो. तोंड मात्र आखडतच गेलं. हा आजार मुळात सुपारीचाच. तिच्यातलं अरेकोलीन गालाच्या आतल्या थरात तंतू वाढवतं. तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४च्या अहवालात नोंदवलंय. तेव्हा गोड सुपारी, मसाला सुपारी, जेवणानंतरचा ‘एकच तुकडा’, सगळं बंद. सोडल्यावर पांढरा चट्टा कधीकधी विरतो. आखडलेलं तोंड मात्र पहिल्यासारखं होत नाही.

व्यायामाने थोडं सुटतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांत धरायच्या, रोज तीन-चार वेळा. मी १३ काड्यांवर सुरू केलं, दोन वर्षांनी १८ वर आलो. पाणीपुरी अजून फोडूनच खातो.

दर तीन महिन्यांनी मी तोंड दाखवायला जातो. अधेमधे मोबाइलच्या टॉर्चवर गालाचा फोटो काढून जुन्याशी ताडून बघतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्ट्यात कडक गाठ, मानेत गाठ, किंवा दात अचानक हलायला लागला तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, दुसऱ्याच दिवशी जायचं.