विसार म्हणजे ॲडव्हान्सच का? व्यवहार मोडला तर परत मिळतो का?

गुहागरकडे जमीन बघितलीत, मालक म्हणतात 'आधी विसार द्या', आणि हा ॲडव्हान्सच का, व्यवहार फिसकटला तर परत मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही पैसे आधीच द्यायचे, पण त्यांचं काम वेगळं. आगाऊ रक्कम हा पुढच्या देण्यातला भाग. विसार (जुनी माणसं इसारा म्हणतात) सौदा ठरल्याची खूण म्हणून देतात. खरेदीखत झालं की तो किमतीत वळता होतो. खरेदीदाराने माघार घेतली तर तो बुडू शकतो, मालकाने शब्द फिरवला तर त्याने परत करायचा.

किनाऱ्यावर तिसरा शब्दही ऐकाल, उचल. खलाशाला हंगामाआधी मिळते ती उचल, पुढे पगारातून कापतात. वाशीच्या घाऊक बाजारातला दलाल बागायतदाराला फवारणीसाठी पैसे देतो तोही त्यातलाच प्रकार. आंबा मग त्याच्याच गाळ्यावर जातो आणि रक्कम पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) वळती होते. यात बुडण्याचा प्रश्न नसतो, फेडण्याचा असतो.

विसार दिला म्हणजे जागा तुमची झाली असं मात्र समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत हक्क येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती सातबाराची. आपल्याकडे आजोबा गेल्यावर वारसांची सगळी नावं लागतात. एक भाऊ गावात, बाकीचे मुंबईला, बहिणी सासरी. विसार गावातला भाऊ घेतो आणि खरेदीखताच्या वेळी बहीण म्हणते, 'माझी सही कुठाय?' म्हणून सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शेतजमीन असेल तर तुमच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा हवा, तोही आधीच तपासा.

विसार पावतीत गट किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, ठरलेली किंमत, खरेदीखताची मुदत हे सगळं येऊ द्या. त्याखाली साध्या मराठीत लिहून घ्या: 'हिस्सेदारांची संमती न मिळाल्यास किंवा मालकी हक्क (टायटल) सदोष निघाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत करीन.' मालक हे लिहायला तयार नसेल तर थांबा. आणि पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या, जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही.