सेप्टिक टँकचं झाकण उघडलं तर पाणी बरंच वर दिसतंय. टँक भरला का? उपसायला हवा का?

पाणी दिसतंय म्हणून नाही. सेप्टिक टँक कायम भरलेलाच असतो. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळापर्यंत पाणी, ही त्याची नेहमीची पातळी. जेवढं आत येतं तेवढंच पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याकडे जातं. त्या पाइपच्याही वर चढलं असेल तर मात्र पुढे कुठेतरी तुंबलंय.

बघायचा असतो तो गाळ. लांब काठीच्या खालच्या भागाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळा, काठी तळाला टेकवा, थोडं थांबून हळू वर काढा. जिथपर्यंत काळा दाट थर चिकटलाय तेवढा गाळ. पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला की उपसा करून घ्या. साधारण ३ ते ५ वर्षांनी ही वेळ येते. माणसं जास्त किंवा टँक लहान असेल तर आधीच. चालढकल केली की गाळ शोषखड्ड्यात जातो, मातीची छिद्रं बुजतात आणि मग खर्च उपशाच्या कितीतरी पट.

हे करताना टँकच्या तोंडावर वाकू नका, काडी पेटवू नका, आणि आत उतरायचं तर नावच काढू नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने माणूस क्षणात कोसळतो. वाचवायला उतरलेलाही जातो.

मैला कुजवणाऱ्या जिवाणूंच्या पावडरी विकत घेऊ नका, मैल्यात ते फुकट आणि भरपूर असतात. फक्त त्यांना बाटल्या-बाटल्या ॲसिड पाजू नका. तळणीचं तेल, सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स (‘फ्लश करता येतात’ असं छापलेलेसुद्धा) कचऱ्यातच टाका.