सीरियात युद्धाआधी काढलेल्या साध्या फोटोंचा आज काही उपयोग आहे का?

तुम्ही विचारलंय की 2009 च्या सहलीतले रस्त्यांचे, दुकानांचे फोटो ठेवावेत की काढून टाकावेत. अजिबात काढून टाकू नका. मीही युद्धाच्या आधी अलेप्पोला जाऊन आले आहे, म्हणून कळकळीने सांगते.

पाल्मिरा या प्राचीन शहरातलं बेल मंदिर 2015 मध्ये स्फोटकांनी उडवलं गेलं, अलेप्पोच्या उमय्यद मशिदीचा अकराव्या शतकातला मिनार 2013 मध्ये पडला. पण त्यांचे फोटो आणि नकाशे जगभर आहेत. अलेप्पोच्या जुन्या बाजारातल्या एखाद्या गाळ्याचा फोटो मात्र फक्त तुमच्याकडेच असू शकतो. तिथल्या छताखालच्या गल्ल्या मिळून सुमारे 13 किलोमीटर भरायच्या. सप्टेंबर 2012 च्या आगीत त्यातली शेकडो दुकानं गेली.

माझ्याकडे साबणाच्या दुकानाचा एक फोटो आहे. ऑलिव्ह आणि लॉरेल तेलाच्या वड्या रचून ठेवल्यात, मुरलेली वडी बाहेरून पिवळसर, कापली की आत हिरवीगार. तेव्हा मी फोटो साबणाचा काढला. आता बघते ते कडेला आलेलं सगळं: लाकडी फळ्यांचं दार, कमानीवरून लोंबणारी वायर, हाताने लिहिलेली किमतींची पाटी, स्टुलावरचा चहाचा ग्लास. गाळा पुन्हा उभा करणाऱ्याला हीच माहिती लागते, त्यामुळे कडा कापू नका. मूळ फाइल तशीच ठेवा आणि कुठली गल्ली, कुठल्या दरवाजाजवळ, एवढं तरी आठवून लिहा. बर्लिनच्या इस्लामी कला संग्रहालयातला 'सीरियन हेरिटेज आर्काइव्ह' प्रकल्प 2013 पासून असे फोटो जमवतो. त्यांना विचारून बघा.

चेहरे ओळखू येत असतील तर ते फोटो नाव-पत्त्यासह सार्वजनिक करू नका. ती माणसं, त्यांचे नातेवाईक आज कुठे, कोणत्या परिस्थितीत असतील, आपल्याला माहीत नाही.

आणि कृपा करून खाली 'किती सुखी देश होता' असं लिहू नका. त्याच वर्षांत ईशान्येकडे भीषण दुष्काळ होता, शेतकरी कुटुंबं गाव सोडून शहरांच्या कडेला येऊन राहत होती. गुप्त पोलिसांच्या धाकाने लोक राजकारणावर बोलायचं टाळत. आपण पर्यटक त्या वस्त्यांत गेलोच नाही, म्हणून ते आपल्या फोटोंत नाही.

फोटो सीडीवर असतील तर आधी दोन ठिकाणी कॉपी करा. इतक्या जुन्या सीडी कधी वाचता येईनाशा होतील, सांगता येत नाही.