थंडीतली आजारी तलंग : आधी ऊब, मग औषध

प्रश्न : आमची पाच महिन्यांची गावरान तलंग (तरुण कोंबडी) दोन दिवसांपासून पिसे फुगवून कोपऱ्यात बसते, खात नाही. रात्री पारा 7 अंशांवर येतो. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकले, फरक नाही. (निफाड)

उत्तर : ते औषध तिच्या पोटात गेलेच नसणार. थंडीत धडधाकट कोंबडीही पाणी कमी पिते, आजारी तर भांड्याकडे फिरकत नाही. आजार न ओळखता दिलेले अँटिबायोटिक तसेही बंद करा.

कोंबडीच्या अंगाचे तापमान साधारण 41 अंश असते. खाणे बंद झाले की ते टिकवता येत नाही आणि गारठलेल्या कोंबडीला अन्न पचत नाही. म्हणून पहिले काम उबेचे. तिला इतरांपासून वेगळे करून खोक्यात तूस किंवा कोरडे गवत पसरा. एका टोकाला, तिच्या पाठीपासून दीड फूट वर 60 वॅटचा पिवळा बल्ब तारेने पक्का बांधा. एलईडीची ऊब मिळत नाही. बल्ब गवताला, गोणपाटाला वा खोक्याला टेकू देऊ नका. बल्बाखाली 28 ते 30 अंश पुरे. दुसरे टोक मोकळे ठेवा, म्हणजे उकडले तर ती सरकेल. चोच उघडून धापा टाकत असेल, तर बल्ब वर घ्या. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

तासाभराने कोमट पाणी द्या. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा एक लिटर, कालवून ड्रॉपरने चोचीच्या कडेला दोन-तीन थेंब सोडा, ती गिळेपर्यंत थांबा, मग पुढचे. जबडा फाकवून घशात ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते. पाणी, तेल, हळदीचा काढा, काहीही त्यात गेले की फुप्फुसात उतरते. अशाने बऱ्या होऊ शकणाऱ्या कोंबड्याही दगावतात. दारूही पाजू नका, तिने अंगातली ऊब उलट लवकर निघून जाते. उरलेले ओआरएस 24 तासांनी फेकून द्या.

पाणी घेऊ लागली की भरडा कोमट पाण्यात भिजवून, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून थोडाथोडा द्या. पहाटे गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. रात्रीचे खाणे तोवर उतरलेले हवे. पिशवी भरलेली, कणकेसारखी लागली तर आणखी खायला न घालता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : तलंगेच्या विष्ठेत रक्त दिसते. औषधासोबत बी-कॉम्प्लेक्स चालू ठेवावे का? (जुन्नर)

उत्तर : नाही. आधी विष्ठा नीट बघा. दिवसातून एक-दोनदा पडणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा आंतड्याच्या मागच्या पिशव्यांतून येते, ती नेहमीचीच. ताजे रक्त आणि सोबत फिकट पडलेला तुरा दिसला, तर रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा संशय घ्यावा. ताजी विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या.

यावर अँप्रोलियम देतात. 20 टक्क्यांची पावडर असेल तर एक लिटर पाण्याला 1.2 ग्रॅम, पाच दिवस; पुढचा कमी डोस डॉक्टर ठरवतील. रोज ताजे कालवा, दुसरे पाणी ठेवू नका. हे औषध जंतूला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणूनच गुण येतो. त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्स दिले की औषधाचा जोर मोडतो. ते कोर्स संपल्यावर द्या.

हिवाळ्यात हा आजार ओल्या तुसामुळे वाढतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचे तूस मुठीत दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ते तूस काढून कोरडे टाका.

प्रश्न : थंडी लागू नये म्हणून खुराडे चारी बाजूंनी प्लॅस्टिकने बंद केले, तरी कोंबड्या शिंकतात, डोळ्यांत फेस येतो. (भोर)

उत्तर : बंद केले म्हणूनच बिघडले असण्याची शक्यता मोठी. सकाळी दार उघडताच उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो विष्ठेचा अमोनिया. त्याने श्वासनलिकेचे आतले अस्तर खराब होते आणि सीआरडीच्या, म्हणजे जुनाट श्वसनरोगाच्या, जंतूंना वाट मिळते. प्लॅस्टिकवर रात्री दव साचून तूस भिजते ते वेगळेच. वाऱ्याच्या बाजूला खालचा अर्धा भाग गोणपाटाने झाका, छपराखालची वीतभर फट कायम उघडी ठेवा. कोरड्या कोंबडीला थंडी सोसते, ओल्या झोताला ती टिकत नाही.

तोंड सुजून नाकातून दुर्गंधीचा स्राव येत असेल, तर तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी, असू शकतो. त्यातून बरी झालेली कोंबडीही इतरांना लागण देते, म्हणून ती परत कळपात सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. अँटिबायोटिक सुरू झाले की अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

प्रश्न : पहिल्या अंड्याला आलेली तलंग उभट उभी राहून कुंथते, अंडे येत नाही. (चिपळूण)

उत्तर : अंडे अडकले असावे. मागचा भाग 38 ते 40 अंशांच्या पाण्यात 15-20 मिनिटे बुडवून धरा, मग फडक्याने पुसून पिसे पूर्ण वाळेपर्यंत बल्बाखाली ठेवा. ओली सोडली तर थंडीनेच जाईल. गुदद्वाराला थोडे खोबरेल तेल लावा. पोट दाबू नका, अंडे आत फुटले तर जीवावर बेतते. काही तासांत सुटले नाही तर दवाखाना गाठा. कॅल्शियमचे इंजेक्शन लागू शकते.

प्रश्न : एका आठवड्यात तीन तलंगा गेल्या. हिरवी हगवण, मान पिळवटलेली. लस आता टोचू का? (नंदुरबार)

उत्तर : ही लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, असू शकतात. तिच्यावर औषध नाही, आणि आजारी कोंबडीला लस देऊन उपयोग नाही. उरलेल्यांचे काय करायचे ते डॉक्टर पाहून ठरवतील. पुढच्या पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांत आर-2-बी या मानमोडीच्या लसी चुकवू नका.

पण मरतूक अचानक वाढली तर मेलेले पक्षी हाताळू नका, कापू नका, विकू नका; पशुसंवर्धन विभागाला त्याच दिवशी कळवा. तुमच्याच जिल्ह्यात, नवापूरला, 2006 आणि 2021 मध्ये बर्ड फ्लू आढळला होता, दोन्ही वेळा फेब्रुवारीतच. मानमोडी की बर्ड फ्लू, हे नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते.