वाचक विचारतात : शांबेरीचे हत्ती, ग्रानिएची चढण

प्रश्न : मुलगी फ्रान्समध्ये लिऑनला शिकते. सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जातोय. दोन दिवस जवळपास कुठेतरी जायचं आहे. मुलगी ॲनसी म्हणते. मी महादजी शिंद्यांवर जमेल तेवढं वाचत असतो, त्यात त्यांच्या कवायती पलटणी घडवणाऱ्या डी बॉईनचं गाव शांबेरी लिऑनजवळच असल्याचं कळलं. तिथे दोन दिवस घालवण्यासारखं काही आहे, की नुसता एक पुतळा? आम्ही दोघं साठीपुढचे. सायकल जमते, पण चढ नको. (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : शांबेरीलाच जा. ॲनसी देखणं आहे, पण तिथे कालव्याकाठी गर्दीतून वाट काढत फिरावं लागतं. वानवडीची महादजींची छत्री ज्याने पाहिली आहे, त्याला शांबेरीत प्रत्येक वळणावर थांबावंसं वाटेल. लिऑनहून थेट रेल्वे आहे, दीड तासाच्या आसपास लागतो.

बोज आणि शार्त्रूज या दोन डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यात हे गाव बसलं आहे. सव्हॉय घराण्याची ही जुनी राजधानी. फ्रान्सकडे हा मुलूख कायमचा आला तो १८६० मध्ये. बेन्वा डी बॉईन इथेच १७५१ मध्ये जन्मला. वडील कातडी-फरचे व्यापारी. आधी फ्रेंचांच्या आयरिश पलटणीत, मग रशियनांकडे, तिथून तुर्कांच्या कैदेत, पुढे मद्रासला कंपनी सरकारकडे, असं करत करत १७८४ मध्ये तो महादजींच्या चाकरीत आला. त्याने युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता या लढाया मारल्या. १७९३ मध्ये लाखेरीला मात्र समोर होळकरांचं लष्कर होतं. आपलीच माणसं दोन्हीकडून पडली, आणि डी बॉईनचं कौतुक वाचताना ते मला दर वेळी बोचतं.

स्टेशनवरून चालत हत्तींच्या कारंज्यापाशी या. १८३८ मध्ये, डी बॉईनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, ग्रेनोबलचा शिल्पकार सापे याने ते उभारलं. चार हत्ती पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंड करून उभे आहेत आणि चौघांचीही फक्त पुढची अर्धी अंगं दिसतात. गावकऱ्यांनी त्यांना ‘बिनढुंगणाचे चार’ असं नाव ठेवलं आहे, ते आजही चालतं. मधून ताडाच्या खोडासारखा खांब वर जातो आणि टोकावर डी बॉईन. लांबून बघून पुढे जाऊ नका, कठड्याशी या. सोंडेच्या वळ्या, गुडघ्यावरची सैल कातडी, नखं हे सगळं बिडाच्या ओतकामात आलं आहे. खांबावर हिंदुस्थानी शस्त्रास्त्रं कोरलेली आहेत, तीही पाहा. हा मान कोणाच्या दरबारात कमावला, हे मात्र तुम्हाला माहीत असेल तरच तिथे उभं राहून उमगतं. म्हणून मुलीला आधी महादजींची गोष्ट सांगा आणि मग हत्ती दाखवा.

कारंज्यापासून वाड्याच्या दिशेने जाणारा सरळ रस्ता त्याच्याच नावाचा आहे. दोन्ही बाजूंना कमानी असल्यामुळे पावसातही कोरडं चालता येतं. तो त्याच्या पैशातून झाला. नाट्यगृहालाही त्याचाच पैसा, इस्पितळांना आणि निराधारांच्या आश्रयगृहांना त्याच्या देणग्या. शिंद्यांच्या नोकरीत मिळवलेल्या दौलतीवर एका परमुलखातल्या गावाचा चेहरा बदलला. मला हा रस्ता अजिंठ्याच्या चित्राइतका आपला वाटतो, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

आणखी एक व्यक्ती आठवणीत ठेवा. हिंदुस्थानात असताना त्याने केलेली बायको, हेलेना बेनेट. तो तिला मुलांसह इंग्लंडला घेऊन गेला आणि १७९८ मध्ये लंडनला त्याने एका तरुण फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केलं. हेलेना ससेक्समध्ये राहिली आणि १८५३ मध्ये तिथेच वारली. शांबेरीतल्या एवढ्या दानधर्मात मी तिला शोधत राहते.

सव्हॉयच्या ड्यूकांच्या वाड्यात आता सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे आत कधी सोडतात ते पर्यटन कार्यालयात आधी विचारून घ्या. तिथल्या देवळात, सेंट शापेलमध्ये, येशूचं मानलं जाणारं, ट्यूरिनचं म्हणून प्रसिद्ध असलेलं कफन १५७८ पर्यंत होतं. १५३२ च्या आगीत ते जळता जळता वाचलं. याच देवळाच्या मनोऱ्यात सत्तर घंटांचा संच आहे. कॅथेड्रल तर चुकवूच नका. आतली गॉथिक नक्षी, जाळ्या, कंगोरे बघून मान दुखते, आणि भिंतीशी जाऊन कंगोऱ्याच्या कडेवर बोट फिरवलं की हाताला लागतो सपाट गिलावा. बरंचसं काम रंगाचं आहे, दगडाचं नाही.

चढ नको म्हणता, तर दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळून सायकली भाड्याने घ्या आणि लेस नदीच्या काठाने बुर्जे सरोवराकडे निघा. गाड्यांपासून वेगळा, जवळपास सपाट मार्ग आहे, दहा-बारा किलोमीटरचा. सरोवराची लांबी अठरा किलोमीटर. तिथून पूर्वेच्या काठाने एक्स-ले-बँ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावापर्यंत जा. परतीला पाय दमले तर सायकलसह लोकल रेल्वेत बसा, शांबेरी अगदी जवळ आहे. लेमाँकच्या टेकडीवरच्या सँ-पिएर चर्चमध्ये डी बॉईनची कबर आहे. तिथे पायीच जा, चढ थोडाच आहे.

प्रश्न : मी साताऱ्याची, वय ३४, रोज सायकल चालवते. जुलैमध्ये कामानिमित्त जिनिव्हाला आहे. शांबेरीहून एक खणखणीत चढण सुचवा, पण फक्त दम काढणारी नको, बघण्यासारखं काही हवं.

उत्तर : मग कोल द्यु ग्रानिए. शांबेरी समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरवर, खिंड ११३४ मीटरवर. म्हणजे तुमच्या वाई-पाचगणी पसरणी घाटाच्या साधारण दीडपट चढाई, पंधरा-सोळा किलोमीटरमध्ये. बेताचा वेग धरलात तर सहज जमेल.

बघायचं आहे तो समोरचा कडा. २४ नोव्हेंबर १२४८ च्या रात्री ग्रानिए डोंगराची अख्खी बाजू कोसळली आणि पायथ्याची गावं गाडली गेली. वर कठीण चुनखडक, खाली ठिसूळ मातकट थर. पाणी मुरून खालचा थर सरकला आणि वरचा खडक त्याच्यासकट गेला. माळीण आठवल्याशिवाय मला त्या कड्याकडे बघता येत नाही. डोंगर जिथे तुटला तिथे आजही उभी सरळ भिंत आहे. दरड मियाँ नावाच्या गावातल्या चर्चच्या दारात थांबली अशी तिथली श्रद्धा आहे, आणि तिथल्या मेरीच्या काळ्या मूर्तीला लोक अजून नवस बोलतात.

चढताना थेट रस्ता घ्या, उतरताना आप्रमाँ गावावरून या. उतार तीव्र आहे, निघण्याआधी ब्रेक तपासाच. खाली पोचलात की द्राक्षमळे लागतात. हे मळे त्या दरडीच्या राडारोड्यावरच वाढले आहेत. मळ्यांमध्ये मध्येच घराएवढे धोंडे दिसतात, ते १२४८ चे. जवळच सँ-आंद्रेचं तळं आहे, तेही दरडीने केलेल्या खोलगटात साठलेलं. तिथे थांबून डबा खा आणि मागे वळून कडा बघा. इतक्या लांबवर दगड आला कसा, हे तिथूनच नीट कळतं.

दिवा सोबत असू द्या. सायकल उजवीकडून चालवायची. गावात उजव्या हाताच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, पाटी नसली तरी. आपली सवय नेमकी उलटी, म्हणून पहिला तासभर प्रत्येक तिठ्यावर वेग कमी ठेवा.

प्रश्न : सासूबाई शाकाहारी, अंडंही खात नाहीत. तिकडे उपासमार होईल का? (ठाणे)

उत्तर : होणार नाही. क्रोझे मागवा, गव्हाच्या किंवा कुट्टूच्या पिठाचे चौकोनी बारके तुकडे असतात, वर चीज. त्यात अंडं आणि मांस नाही ना, ते विचारून घ्या. तार्तिफ्लेतमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच, ते टाळा. चीज कोणत्या रेनेटने लावलं आहे हे सासूबाईंना महत्त्वाचं असेल तर पारंपरिक चीजही टाळावं लागेल, कारण ते वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. शनिवारी सकाळी बाजार भरतो. तिथली फळं, पाव आणि अक्रोड घ्या, आणि लोणच्याची बाटली घरून न्या.