फुप्फुसात पाणी आणि हृदयाची औषधे

प्रश्न : वडिलांच्या फुप्फुसात पाणी झाले आहे, मग त्यांना हृदयाची औषधे का दिली जात आहेत?

उत्तर : हृदयाची डावी बाजू रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलू शकली नाही, की फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि रक्तातील द्रव पाझरून वायुकोशांत (फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) उतरतो; म्हणूनच आडवे झाल्यावर दम अधिक लागतो. अर्थात, दोष दर वेळी हृदयाचाच नसतो. तीव्र न्यूमोनिया, मूत्रपिंडे निकामी होणे किंवा २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर वेगाने चढणे यांमुळेही असे घडते. क्षयरोगात पाणी बहुधा फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साठते (बोलताना दोन्हींना ‘फुप्फुसात पाणी’च म्हटले जाते), आणि सुईने काढता येते ते हेच, वायुकोशांतले नव्हे.